भिंतीकडची गोधडी

१

घरातलं एक काम गोमतीबाई सुनेला करू देत नसे. शेण काढ, भांडी घास, वेचणीला जा, सगळं वच्छलाचं. पण दिवेलागणीला बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून माणिकचं अंथरूण घालायचं ते गोमतीबाईनेच, आणि सकाळी घडी करून दांडीवर टाकायचं तेही तिनेच. सतरंजी, वर दुहेरी गोधडी, उशाला त्याचा जुना सदरा.

माणिक काही केनवडात नव्हता. राखीव पोलिसांच्या पलटणीत भरती होऊन त्याला तीन वर्षं झाली होती आणि वर्षभरापासून पलटण कलकत्त्यात होती. त्या शहराच्या गल्ल्यांत बंदुका-बाँब घेऊन लपलेली पोरं हुडकून काढायचं काम तिला लावलं होतं, एवढं गावाला रेडिओवरून ठाऊक होतं. गावाच्या लेखी तो मिलिट्रीत होता. आणि मिलिट्रीतल्या पोराचं अंथरूण रोज घालणारी आई म्हणजे वस्तीतल्या बायकांना थट्टेला आयती सापडलेली. समोरची चंपाबाई तर दर दोन दिवसांनी विचारायची, काय गोमतीबाई, पाहुणा जेवून निजला का?

गोमतीबाई पदराला हात पुसायची आणि हसायची. छप्पन सालानंतर या घराने देव नदीला सोडले, अंगात येणं सोडलं, उतारे-तोडगे सोडले. हे अंथरूण म्हणजे नवस नाही की तोडगा नाही, असं ती ठासून सांगे. घरातलं माणूस आहे, त्याची जागा आहे, ती रिकामी कशाला ठेवा.

एकाहत्तरच्या पौषात म्हातारीला ताप भरला आणि दाराजवळच्या बाजेवरून तिला उठवेना. वच्छला ही तिच्या सख्ख्या भावाची लेक, म्हणून सासूला ती आत्याच म्हणे. आत्याला न विचारता ती गोधडी उचलायला वाकली आणि तिचा हात तिथेच थांबला. गोधडी गरम होती. नुकतंच कुणी उठून परसात गेलं असावं, तशी.

बाजेवरून गोमतीबाईने विचारलं, "गरम हाय नं वं?"

"हाय, आत्या."

"मंग बरा हाय पोरगा माहा," असं म्हणून म्हातारीने डोळे मिटले.

ताप उतरल्यावर तिने सुनेला एवढंच सांगितलं, की भरतीच्या वर्षी दोन सकाळी ही गोधडी गार लागली होती. पुढे माणिक सुटीवर आला तर त्याच्या पोटरीत गोळीची खूण. नेमके तेच दोन दिवस तो दवाखान्यात बेशुद्ध पडून होता.

वच्छला सातवी शिकलेली. तिला हे पटणं शक्य नव्हतं. ती स्वयंपाकाच्या आतल्या खोलीत गेली आणि तिला कारण सापडलं. भिंत एकच होती. अलीकडे गोधडी, पलीकडे चूल, आणि चुलीत राखेखाली रात्रभर विस्तव. भिंत तापते, गोधडी तापते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही. वच्छला मनाशी हसली आणि शेण काढायला गेली. मात्र त्या दिवसापासून सकाळी आत्याचा चेहरा पाहिल्याशिवाय तिला चहा गोड लागेना.

२

माघात माणिक सुटीवर आला. पिशवीतून आईला शाल, बायकोला लाल काठाचं पातळ, शेजारच्या पोरांना गोळ्या. सगळ्यांना जयभीम केला, जेवला, हसला. वाळला होता, पण नोकरीवरचं माणूस वाळतंच. वच्छलाला खटकलं ते वेगळंच. तो दाराकडे पाठ करून बसेना. आणि बोलता बोलता उजव्या हाताची पालथी बाजू कशालाही लावून पाही. पितळी तांब्याला, बाजेच्या दोऱ्यांना, उशीला. लावायचा, क्षणभर थांबायचा, काढायचा.

ती म्हणाली, हे काय नवीन? तो म्हणाला, काही नाही, तळहाताला घट्टे असतात, त्याला नीट कळत नाही.

संध्याकाळी गोमतीबाईने दिवा लावला आणि सवयीने भिंतीशी गोधडी घातली. घातल्यावर तिच्या ध्यानात आलं की ज्याच्यासाठी घातली तो पोरगा आत चुलीपाशी भाकर खातोय. स्वतःवरच हसली. हाताला खोड लागली म्हणाली, आणि राहू दिली तशीच. नवराबायको आतल्या खोलीत निजले, म्हातारी बाहेर बाजेवर. गोधडी भिंतीशी रिकामी.

सकाळी चांगलं उजाडल्यावर वच्छला चुलीत काड्या सारत होती. बाहेरच्या खोलीत माणिक वाकलेला दिसला. त्याचा पालथा हात गोधडीवर होता, आणि तो हात काढत नव्हता.

"अथी कोन निजलं होतं?"

आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. ओरडला नाही, रागावला नाही. बाजारात भाव विचारावा तसा साधा आवाज.

गोमतीबाई भरलेली घागर घेऊन नुकती आत येत होती. ती म्हणाली, कोणी नाही बापू, मी तर माझ्या बाजेवर होते.

"बाहेर व्हा. दोघी बी. हात दिसू द्या."

३

दोघी अंगणात उभ्या राहिल्या. गोमतीबाईने घागर खाली ठेवली आणि खरोखरच दोन्ही पंजे उघडे करून पुढे धरले. समोर चंपाबाई दात घासत होती. तिने एकदा पाहिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तोंडाळ चंपाबाई, जिने कुणाच्या घरातलं भांडण आजवर अर्धं सोडलं नव्हतं, तिने दार लावलं. वच्छलाला तेच फार लागलं.

उघड्या दारातून तिला नवरा दिसत होता. त्याने बाजेखाली पाहिलं. कणगीचं झाकण काढून आत हात घातला. माळ्यावर चढून कडब्याच्या पेंढ्या एकेक बाजूला केल्या. मग भिंतीला कान लावून बोटांच्या पेरांनी ठोकत ठोकत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. चेहऱ्यावर संताप असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो मन लावून काम करत होता, घरी कधी केलं नसेल इतकं नीटनेटकं. त्या दूरच्या शहरात लोक अंगणात उभे राहून हाच चेहरा पाहत असतील, असं तिच्या मनात आलं.

कोणीच सापडलं नाही. घर ते केवढं, लपायला मांजराला जागा नाही.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर चिमूटभर लाल भुकटी होती. गोधडीच्या पायथ्याशी सापडली म्हणाला. ती विटेची भुकटी होती. वस्तीत सगळी घरं मातीची आणि केनवडची माती काळी. वच्छला घाईने म्हणाली, तुमच्या होल्डॉलमधून सांडली असेल. पण होल्डॉल आतल्या खोलीत होता आणि त्याचे पट्टे अजून सोडलेही नव्हते. हे तिचं तिलाच आठवलं.

माणिकने मान वर केली. आई अजून तशीच उभी होती, पंजे पुढे धरून. त्याने पाहिलं, आणि उंबऱ्यावर खाली बसला.

४

दुपारी तो वच्छलाबरोबर तुरीच्या शेतात गेला. बांधावर बसून त्याने ते सांगितलं. सांगताना तिच्याकडे पाहिलं नाही, तुरीच्या काड्या मोडत राहिला.

उजाडायच्या आत गल्ली दोन्ही तोंडांनी बंद करायची. सगळ्यांना घराबाहेर काढून रांगेत उभं करायचं. मग एकाने आत जायचं आणि अंथरुणांना हात लावत जायचं. हिवाळ्याचे दिवस. बाहेर चार माणसं आणि आत पाच अंथरुणं गरम असली, की पाचवा घरातच कुठेतरी आहे. हे काम माणिकचं. त्याचा हात चुकत नाही असं साहेब म्हणायचे, आणि वच्छला, मला बरं वाटायचं ते ऐकून, असंही तो म्हणाला.

एका घरात म्हातारी एकटीच होती. एकटीच बाहेर आली. आत अंथरुणं दोन आणि दोन्ही गरम. म्हातारी तिच्या भाषेत, थोडं हिंदीत, पुन्हा पुन्हा एकच सांगत होती. पोरगा केव्हाचा घर सोडून गेलाय, त्याची जागा रोज मीच घालते. माणिकला ते कळलं. त्याला कळायला नको होतं का? त्याची स्वतःची आई तेच करते. तरी साहेबांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, गरम आहे.

मागची भिंत ठोकली तर पोकळ वाजली. भिंत पाडली. अर्धी यांनी पाडली, उरलेली अर्धी आपणहून आत कोसळली. घरभर लाल धूळ, कुणाचं तोंड कुणाला दिसेना. पाडलेल्या बाजूला कोणी नव्हतं. साहेब म्हणाले, पुरे, पुढचं घर घ्या.

"आनं कोसळली थ्या बाजूले?" वच्छलाने विचारलं.

"कोनं पाह्यलंच नाई."

दुसऱ्या दिवशी पलटण त्याच गल्लीतून परत गेली. म्हातारी रस्त्याच्या कडेला बसली होती, अंगावरच्या लुगड्यानिशी. तिने माणिकला ओळखलं. उठली, त्याचा हात धरला आणि त्या पडक्या घराकडे ओढू लागली. शिव्या दिल्या असत्या तर समजलो असतो, तो म्हणाला. ती नुसती हात ओढत होती. पुन्हा एकदा लावून पाहा, म्हणत असावी. सोबतच्या शिपायांनी तिला दूर केलं.

वच्छलाने त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो गारठलेला होता आणि तुरीच्या शेतात ऊन चांगलं रखरखत होतं.

५

गोमतीबाईला हे सुनेकडून कळलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग भाकरी थापणं थांबवून लेकाला हाक मारली.

"थ्या बाईचं अंथरूण कुठं हाय आता?"

"इटांखाली, माय."

"मंग थो कुठं निजन?"

माणिक म्हणाला, तो जिवंत आहे की मेला, मुळात तिथे होता की नव्हता, हेच मला ठाऊक नाही. गोमतीबाई म्हणाली, मलाही ठाऊक नाही. पण काल रात्री गोधडीत होता तो तू नव्हे. तू लहानपणापासून उताणा झोपतोस. रात्री जाग आली तेव्हा जो तिथे होता तो कुशीवर होता, भिंतीकडे तोंड करून. तिने हे अशा सुरात सांगितलं, जसं शेजारच्या गाईने कालवड दिली म्हणून सांगावं. वच्छलाच्या हातातला उंडा परातीत पडला.

माणिक उठला. गोधडी, सतरंजी, सदरा सगळं गुंडाळून त्याने पत्र्याच्या पेटीत कोंबलं, कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली. या घरात आता हे अंथरूण पडणार नाही म्हणाला. म्हातारी त्याच्याशी भांडली नाही. तिने शेणाचा काला केला आणि दिवस मावळता मावळता बाहेरची सगळी खोली सारवून काढली. उद्या सारवण होतं, आजच करून टाकलं म्हणाली. एरवीही ती सारवल्यावर माणसांना पाऊल टाकू देत नसे. तिने स्वतःची बाजही अंगणात काढली आणि शाल पांघरून तिथेच निजली. बाहेरची खोली मोकळी राहिली.

सकाळी, नवराबायको परसातून फिरून आल्यावर, तिघंही दारात उभे होते. थंडीत सारवण वाळत नाही, खोलीभर ते ओलं, हिरवट काळं चमकत होतं. फक्त भिंतीला लागून एक पट्टा वाळला होता. माणसाएवढा लांब, खांद्याशी रुंद, गुडघ्यांपाशी वाकलेला. पायथ्याशी लाल भुकटी.

वच्छलाने चुलीकडे पाहिलं. चुलीची ऊब असती तर भिंतीखालचं सगळं सारखं वाळलं असतं. चुलीला काही खांदे नसतात.

माणिकने बराच वेळ त्या पट्ट्याकडे पाहिलं. भुईवर, उघड्यावर, पाय पोटाशी घेऊन निजलेलं माणूस. मग त्याने किल्ली काढली, पेटी उघडली आणि आपल्या हाताने सतरंजी अंथरली, तिच्यावर गोधडी घातली, सुरकुत्या काढल्या. उशाचा सदरा नीट घडी करून ठेवला. हे करताना तो रडत होता आणि लपवत नव्हता.

त्यानंतर सुटी संपेपर्यंत घरात शांतता होती. खोटं कशाला सांगा, वच्छला बाहेरच्या खोलीतून जाताना भिंतीकडे न पाहता झपाझप निघून जाई. पण माणिकला झोप लागू लागली. एकदा तर तो उन्हं वर येईपर्यंत घोरत पडला आणि सासूसुना परसात जाऊन भांडी घासत बसल्या, आवाजाने उठू नये म्हणून.

६

जायच्या दिवशी वच्छला त्याला पोचवायला फाट्यावर गेली. तिथून एसटीने वाशीम, पुढे अकोल्याला मोठी गाडी. धुरळा उडवत एसटी दिसली तेव्हा तो बोलला.

"मायले सांगजो, आता दोन टाकत जाय. थ्याचं थ्याले राहू दे. माहं येगळं."

"सांगतो."

"तथी मले झोप येत नाई, वच्छला. अथी तरी निजत जाईन."

त्या दिवेलागणीपासून दोन अंथरुणं पडू लागली. भिंतीकडे त्या लेकराचं, अलीकडे माणिकचं. गोमतीबाई त्याला आता लेकरूच म्हणे. घालायचं काम तिने स्वतःकडे ठेवलं, पण सकाळचं सुनेला दिलं. माझे हात म्हातारे झाले, कधी फसवतील सांगता येत नाही, म्हणाली. सकाळी ती विहिरीवर जाई, आणि परत आल्यावर घागर उतरवायच्या आधी उंबऱ्यातून विचारी, दोन्ही? वच्छला म्हणे, दोन्ही. मग म्हातारी पाणी हंड्यात ओतायची. या एका शब्दावर दोघींचा दिवस निघायचा. वच्छला सातवी शिकलेली, पण शिक्षणाचं नाव आता ती काढत नसे.

७

फाल्गुनातली एक सकाळ. पळस फुलले होते, पण गारठा गेला नव्हता.

वच्छलाने सवयीने हात लावला. भिंतीकडची गोधडी गरम होती. अलीकडची गार होती.

तिने पालथा हात लावला, सुलटा लावला. गोधडीच्या आत कोपरापर्यंत हात सारला. विहिरीतून काढलेल्या दोरासारखं गार. ती चुलीकडे धावली, विस्तव चांगला रसरशीत होता. परत आली. एका भिंतीजवळची दोन अंथरुणं, एक गरम, एक गार. मन चिंती ते वैरी न चिंती. तिच्या डोळ्यांपुढे गल्ल्या आल्या, ज्या तिने कधी पाहिल्या नव्हत्या. दवाखाना आला. दोनच दिवस होता तो बेशुद्ध, मग बरा झाला होता ना, ती स्वतःला सांगू लागली.

बाहेर वाटेवर पावलांचा आवाज आला. आत्या विहिरीवरून परत येत होती.

म्हातारीच्या हाताला हे गार लागता कामा नये, एवढंच वच्छलाला सुचलं. ती नवऱ्याच्या अंथरुणात शिरली, गोधडी गळ्यापर्यंत ओढली आणि अंग चोरून, हात मांड्यांत घालून पडून राहिली. आपल्या अंगात असेल नसेल ती ऊब तिला त्या कापडात उतरवायची होती.

आणि पडल्यावर तिला शेजारी दिसलं. भिंतीकडची गोधडी फुगलेली होती. ती हळूच वर जात होती, खाली येत होती. खालच्या टोकाशी एक टाच उघडी पडली होती, भेगाळलेली, लाल भुकटीने माखलेली. तिने पुढे पाहिलं नाही. ओरडलीही नाही. उठून पळाली असती तर अंथरूण पुन्हा गार पडलं असतं.

गोमतीबाई उंबऱ्यात आली. घागर कमरेवर. "दोनी?" म्हणायला तिने तोंड उघडलं आणि सुनेला तिथे निजलेलं पाहिलं. तिला कळायला वेळ लागला नाही. तिने घागर खाली ठेवली, इतकी सावकाश की थेंब सांडला नाही. पदराला हात पुसले. मग येऊन गोधडीचा काठ उचलला.

"सरक," ती म्हणाली. "दोघीचं आंग लागलं तर लवकर तापन."

म्हातारी आत शिरली. तिचे विहिरीच्या पाण्याने गारठलेले पाय वच्छलाच्या पोटऱ्यांना लागले. जागा एका माणसाची. वच्छला डोळे घट्ट मिटून भिंतीकडे सरकली, आता आपली पाठ त्याच्या पाठीला टेकणार म्हणून श्वास रोखून सरकली. पण टेकली नाही. भिंतीकडे जागा झाली होती. दोघी नीट मावाव्यात म्हणून कुणीतरी आधीच पलीकडे सरकलं होतं.